द्वेषाचा कायदा आणि गावाची सही

पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात आमच्या गावी बैलांच्या साजाचे सामान विकणारा एक माणूस दरवर्षी येतो. वेसणी, कासरे, मोरक्या, घुंगरमाळा, शिंगांना लावायचे बेगड असे सारे तो निंबाखाली ताडपत्री अंथरून मांडतो. त्याचे वडीलही त्याच निंबाखाली बसत. तो मुसलमान आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होते आणि बैलाच्या वेसणीशी त्याच्या धर्माचा काही संबंध असेल असे कुणाच्या मनात आले नव्हते. २०२३ च्या पोळ्याआधी, बाजाराला दोन दिवस असताना, गावातल्या बहुतेक मोबाइलांवर एक चित्रफीत फिरली. परजिल्ह्यातल्या कुठल्याशा सभेत एक वक्ता सांगत होता की सणाचे सामान ‘त्यांच्या’कडून घेणे म्हणजे आपल्याच घराला आग लावणे होय, आणि त्यांना बाजारात बसू देणारे गाव नामर्द आहे. कुणाला मारा, कुणाचे घर जाळा, असे एक अक्षरही त्यात नव्हते.

बाजाराच्या दिवशी त्या माणसाला कुणी शिवी दिली नाही, कुणी त्याची ताडपत्री ओढली नाही. लोक त्याच्या समोरून पुढे जात राहिले, एवढेच. मी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. ती ऐन गर्दीची वेळ, आणि तो घुंगरमाळा एकेक करून परत पोत्यात भरत होता. मी दोन कासरे मागितले. त्याने ते नेहमीसारखे हातावर ओढून दाखवले, पीळ पाहून घ्या म्हणाला, पैसे घेतले आणि सुतळीने पोत्याचे तोंड बांधले. चित्रफितीविषयी तो काही बोलला नाही आणि मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी दोघे-तिघे पोलीस ठाण्यात विचारायला गेले, तेव्हा काही घडले तर या, असे त्यांना सांगण्यात आले.

द्वेषमूलक भाषणाविरुद्ध वेगळा केंद्रीय कायदा असावा का, या प्रश्नाकडे मी त्या निंबाखालून पाहतो. मागणी तशी जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रवासी भलाई संघटनेच्या प्रकरणात स्वतः नियम घालून देण्यास नकार दिला आणि विषय सरकारला कायद्यांविषयी सल्ला देणाऱ्या विधी आयोगाकडे सोपवला. आयोगाने मार्च २०१७ मध्ये आपल्या २६७व्या अहवालात तेव्हाच्या दंड संहितेत १५३ क आणि ५०५ अ अशी दोन नवी कलमे घालण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत याच विषयावर एक खासगी विधेयक मांडले गेले. डिसेंबर २०२५ मध्ये कर्नाटकाच्या विधिमंडळाने आपले स्वतंत्र विधेयक मंजूर केले. उद्या केंद्र सरकारने विधेयक आणले, किंवा एखाद्या सदस्याच्या विधेयकावर संसदेत चर्चा झाली, तर त्यातल्या शब्दांचा भार शेवटी आमच्यासारख्या गावांवर पडणार आहे. म्हणून त्या शब्दांविषयी संसदेला लिहिण्याचा, म्हणजे तिच्याकडे याचिका करण्याचा, हक्क आम्ही वापरला पाहिजे, आणि लिहायचे ते तोलून-मापून लिहिले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. मी अशा कायद्याच्या बाजूचा आहे, परंतु ज्या व्याख्या आजवर पुढे आल्या आहेत त्यांपैकी एकही मला जशीच्या तशी मान्य करता येत नाही.

आज कायदाच नाही, असे कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ म्हणजे जुने १५३ अ. धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणांवरून गटागटांत वैर वाढवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कलम २९९ म्हणजे जुने २९५ अ, धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने दुखावण्याविरुद्धचे. यांपैकी पहिले इंग्रजांनी १८९८ मध्ये आणले आणि दुसरे १९२७ मध्ये. ती चित्रफीत आम्ही एका ओळखीच्या वकिलांना दाखवली, तेव्हा १५३ अ खाली गुन्हा नोंदवता आला असता असे त्यांचे मत पडले. शिवाय तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतः गुन्हा नोंदवावा आणि बोलणाऱ्याचा धर्म पाहू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ एप्रिल २०२३ रोजीच सर्व राज्यांना लागू झालेला होता. म्हणजे पोळ्याच्या चार-साडेचार महिने आधी कलमही होते आणि आदेशही होता.

याउलट जिथे कायद्याने गप्प राहायला हवे होते तिथे तो तत्परतेने धावून गेल्याचे आपण आपल्याच राज्यात पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरासाठी अटक झाली. एकीने तो लिहिला होता आणि दुसरीने फक्त पसंतीची खूण केली होती. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केले, त्याची पाळेमुळे या अटकेत आहेत. त्या निकालाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी गुन्हा ठरत नाहीत असे सांगितले. नवा कायदा करताना हा भेद पहिल्याच कलमात उतरला पाहिजे, कारण पोलीस ठाण्यातला अंमलदार निकालपत्र वाचत नाही, कलम वाचतो.

आता व्याख्येकडे येतो, कारण सगळे तिथेच आहे. विधी आयोगाने सुचवलेले १५३ क गंभीर धमकी आणि हिंसेला चिथावणी यांभोवती बेतलेले आहे. आश्चर्य असे की हिंसेची चिथावणी ही एकमेव कसोटी असू शकत नाही, हिंसा न भडकवणारे भाषणही एखाद्या समाजाला कडेला लोटू शकते, असे याच अहवालात आयोगाने मान्य केले होते. मान्य केले, पण कलमाच्या शब्दांत ते उतरले नाही. त्या कलमाखाली आमच्या बाजारातली चित्रफीत कदाचित सुटली असती. कर्नाटकाचे विधेयक याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाते. त्यात जिवंत किंवा मृत व्यक्ती, वर्ग वा समाज यांच्याविरुद्ध बेबनाव, वैर, द्वेष किंवा दुष्टावा यांच्या भावना निर्माण करण्याच्या हेतूने केलेली कोणतीही अभिव्यक्ती येते. मृत व्यक्तीविरुद्ध दुष्टावा! ज्या महाराष्ट्रात इतिहासातल्या प्रत्येक पुरुषाविषयी दोन पिढ्या वाद चालतो, तिथे हा एक शब्द किती घरांत पोलीस पाठवील याचा विचार करून पाहावा.

आमच्या भागात या प्रश्नाला एक चांगली कसोटी आहे आणि ती मी कुठल्याही परदेशी ग्रंथातून आणलेली नाही. गाडगेबाबांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. त्यांचा देह २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर पडला. या दोन टोकांच्या मधले त्यांचे आयुष्य गावोगावच्या कीर्तनांत गेले, आणि त्या कीर्तनांत ते समोर बसलेल्या माणसांनाच प्रश्न विचारीत. देवापुढे बकरे का कापता, तेराव्यासाठी कर्ज का काढता, दगडाच्या देवाला नैवेद्य आणि दारातल्या उपाशी माणसाला हाकलून देणे हे कोणत्या धर्मात बसते, असे ते प्रश्न असत. ज्यांच्या घरी आदल्याच दिवशी बकरे कापले गेले होते त्यांच्या भावना दुखावल्या नसतील का? दुखावल्याच असणार, कारण त्या दुखावाव्यात म्हणूनच तर कीर्तन होते. परंतु बकरे कापणाऱ्याला गावाबाहेर काढा, त्याच्याकडून धान्य घेऊ नका, असे बाबा कधी म्हणाले नाहीत. रूढीवर घाव घालताना ती रूढी पाळणाऱ्याला ते जवळ बसवीत.

त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या काही प्रतिज्ञा विशिष्ट देवांना न मानण्याच्या आणि त्यांची उपासना न करण्याच्या आहेत. आमच्या गावच्या बौद्धवाड्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनी त्या आजही मोठ्याने म्हटल्या जातात. ‘भावना दुखावणे’ हा शब्द जर गुन्ह्याच्या व्याख्येत ढिलेपणाने बसला, तर कीर्तन आणि प्रतिज्ञा या दोन्हींवर तक्रार करता येईल, आणि तक्रार घेणाऱ्याच्या मर्जीवर सारे अवलंबून राहील. द्वेषाविरुद्धच्या कायद्याची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, त्यांच्याच तोंडाला त्याने कुलूप लागणार असेल तर तो कायदा न केलेला बरा.

म्हणून याचिकेत मागायची पहिली गोष्ट अशी की गुन्हा ठरवताना ऐकणाऱ्याला काय वाटले हे न पाहता, जन्माने किंवा श्रद्धेने ठरलेल्या ओळखीमुळे माणसांविरुद्ध हिंसा, भेदभाव किंवा बहिष्कार करण्याची चिथावणी दिली गेली का, हे पाहावे. हा विचार परका नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २० मध्ये भेदभाव, शत्रुत्व किंवा हिंसा यांच्या चिथावणीला कायद्याने मनाई करावी असे म्हटले आहे, आणि भारत १९७९ पासून त्या कराराशी बांधलेला आहे. त्या वक्त्याने कुणाच्या श्रद्धेवर टीका केली असती, कितीही कडवट केली असती, तरी मी त्याच्यासाठी तुरुंग मागितला नसता. त्याने एका माणसाचा निंबाखालचा हक्क काढून घ्या असे सांगितले, आणि गावाने तो काढून घेतला.

ऐकणारा माणूस कोणता धरायचा, या प्रश्नाचे उत्तरही आमच्याच नागपुरात मिळाले आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने एका लेखनावर केलेल्या कारवाईचा विचार करताना, नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक मोजपट्टी घालून दिली. शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या नजरेने जोखावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नजरेने जोखू नये, असा तिचा आशय आहे. सर्वोच्च न्यायालय अजून हीच मोजपट्टी वापरते. मार्च २०२५ मध्ये खासदार व कवी इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधील गुन्हा रद्द करतानाही तिचाच आधार घेतला गेला. आठ दशके टिकलेली ही मोजपट्टी कायद्याच्या मजकुरात का असू नये, हे मला समजत नाही. ती मजकुरात असेल तर पहिल्या पायरीवरच तिचा उपयोग होईल. नसेल तर वर्षानुवर्षे खटला चालून उच्च न्यायालयात गेल्यावर होईल, आणि तिथवर जाण्याइतका पैसा कोरडवाहू शेतकऱ्यापाशी नसतो.

‘चिथावणी’ हा शब्दही निरुपद्रवी नाही, याची आठवण विदर्भाने ठेवली पाहिजे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टीत उठाव झाला, तेव्हा तुकडोजी महाराजांना त्यांच्या खंजिरी भजनांनी लोक भडकतात म्हणून अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. राज्यकर्त्याच्या दृष्टीने तीही चिथावणीच होती. चिमूरला रक्त सांडले हेही खरे, आणि त्यामुळे हे उदाहरण सोपे नाही. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सत्तेविरुद्धचा राग आणि शेजाऱ्याविरुद्धचा द्वेष यांना एकच शब्द लावला की शब्द नेहमी सत्तेच्या सोयीने वळतो. आमच्या शेतकरी आंदोलनांतली भाषा सौम्य कधीच नव्हती. कापसाला भाव नसतो, तुरीचे चुकारे अडकतात, पीकविम्याचे पैसे येत नाहीत, तेव्हा रस्त्यावर बसलेला माणूस सरकारविषयी, व्यापाऱ्यांविषयी, पुढाऱ्यांविषयी जे बोलतो त्यात शिव्या असतात, गावबंदीच्या घोषणा असतात. कायद्याने असा ‘वर्ग’ धरला की ज्यात व्यापारी, सावकार आणि सत्ताधारीही बसतील, तर उद्या रास्ता रोकोचे भाषणही द्वेषमूलक ठरेल. म्हणून व्याख्येतले संरक्षण ओळखीपुरते राहावे, आणि शासन, लोकप्रतिनिधी, धंदा किंवा धोरण यांवरची टीका वगळल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे.

एका शब्दाने काय होते ते आपण नुकतेच पाहिले आहे. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीने सूचना मागवल्या, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. मसुद्यात आधी व्यक्ती आणि संघटना असे मोघम शब्द होते, त्यांच्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असे शब्द आले, आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. लोकांनी लिहिल्यामुळे शब्द बदलला, ही त्यातली आशेची बाजू आहे. ‘तत्सम’ हा शब्द मात्र राहिला, आणि काळजी त्याचीच आहे.

शिक्षेच्या बाबतीत आमच्या वाचनालयात बराच वाद झाला. तरुणांचे म्हणणे असे पडले की सात-दहा वर्षे आत टाकल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण दयाबुद्धी हे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(३) मध्ये एक उपयोगी तरतूद आहे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करून मगच गुन्हा नोंदवता येतो. भाषणाच्या गुन्ह्यांत ही चौकशी करणे योग्य होईल, असे प्रतापगढी प्रकरणात न्यायालयाने सांगितले. आता कर्नाटकाच्या विधेयकात शिक्षा एक ते सात वर्षे आहे. कमाल शिक्षा सात वर्षांवर गेली की हे दार बंद होते. विधी आयोगाने सुचवलेल्या दोन वर्षांच्या आणि एक वर्षाच्या शिक्षाही या चौकटीत बसत नाहीत, त्या खालून सुटतात. म्हणजे शिक्षा वाढवली काय आणि घटवली काय, संरक्षण जाते ते जातेच. उपाय सोपा आहे. प्राथमिक चौकशी आणि तिची मुदत नव्या कायद्यातच लिहावी, संहितेच्या भरवशावर सोडू नये. वर्षे किती हा प्रश्न मग दुय्यम होतो. तीन वर्षे पुरेशी आहेत, जर ती खरोखर होणार असतील.

ती होत का नाहीत, हा खरा प्रश्न. न्याय संहितेच्या कलम १९६ आणि २९९ खालच्या खटल्याची दखल न्यायालयाला शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय घेता येत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही अट कलम १९६ मध्ये होती, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्ये आहे. अटीमागचा हेतू चांगला होता, की ऊठसूट कुणी कुणावर खटला भरू नये. प्रत्यक्षात सत्तेत असलेल्यांच्या मंचावरून बोलणाऱ्याची फाईल हलत नाही, आणि ज्याच्यामागे कुणी नाही त्याची लगेच हलते, असा लोकांचा समज झाला आहे. तो समज दूर करायचा असेल तर मंजुरी द्यायची की नाकारायची हे ठरावीक दिवसांत ठरावे, कारणे लेखी द्यावीत, आणि नकाराविरुद्ध फिर्यादीला दाद मागता यावी. बोलणारा कोण आहे, त्याचा अधिकार किती, त्याचे ऐकणारे किती, हेही शिक्षा ठरवताना पाहिले जावे. पारावर बडबडणारा म्हातारा आणि हजारोंच्या सभेत ध्वनिक्षेपकावर बोलणारा नेता यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही.

कलम असले म्हणजे न्याय झाला असे नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून अस्तित्वात होता, तरी त्या खटल्यात खालच्या न्यायालयातही आणि उच्च न्यायालयातही त्याखाली दोषसिद्धी झाली नाही. द्वेष सगळ्यांना दिसत होता आणि कागदावर तो सिद्ध झाला नाही. हा अनुभव गाठीशी असताना नव्या कायद्याची मागणी करणाऱ्याने तपासाची पद्धत, साक्षीदारांचे संरक्षण आणि मूळ चित्रफीत वेळेत जप्त करण्याची जबाबदारी यांचा आग्रह धरला नाही, तर ती मागणी अर्धीच राहील.

बहिष्काराच्या बाबतीत महाराष्ट्राने पूर्वी एक पाऊल टाकलेले आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. पण तो जातपंचायतींच्या जाचातून जन्मला, त्यामुळे एका समाजाने आपल्याच सदस्यावर टाकलेल्या बहिष्काराभोवती तो बांधलेला आहे. एका समाजाने दुसऱ्याला बाजारातून उठवले तर तो मदतीला येत नाही. ही फट बुजवण्याची मागणी याचिकेत असावी असा माझा आग्रह आहे, कारण खेड्यात द्वेषाचे पहिले पाऊल बहुधा हेच असते. दगड फार नंतर येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, मे २०२३ मध्ये अकोल्यात आणि १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात जे झाले ते वर्तमानपत्रांत आले. संचारबंदी लागली, अकोल्यात आणि नागपुरात माणसे जिवानिशी गेली. आमच्या बाजारातले रिकामे निंबाचे झाड कुठल्याही वर्तमानपत्रात येणार नव्हते.

आता ही मागणी पोचवायची कशी? आपल्याकडे तहसीलदाराला निवेदन देण्याची रीत आहे. पाच-पंचवीस माणसे जमतात, छायाचित्र निघते, निवेदनाची प्रत आवक-जावक विभागात शिक्का घेऊन थांबते. संसदेकडे जाण्याची वाट वेगळी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. लोकसभेत पंधरा सदस्यांची आणि राज्यसभेत दहा सदस्यांची याचिका समिती असते, आणि मंत्री लोकसभेच्या समितीवर येऊ शकत नाही. मांडल्या गेलेल्या किंवा प्रसिद्ध झालेल्या विधेयकावर, तसेच सार्वजनिक हिताच्या विषयावर कुणाही नागरिकाला लोकसभेकडे याचिका करता येते. ती खासदारामार्फत मांडायची असेल तर तिच्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. भाषा संयमाची हवी, शेवटी नेमकी विनंती हवी, सोबत इतर कागद जोडायचे नसतात. समितीला योग्य वाटल्यास ती संपूर्ण किंवा सारांशाने सर्व सदस्यांना वाटली जाते. विदर्भात लोकसभेचे दहा मतदारसंघ आहेत. दहा खासदारांकडे दहा तालुक्यांतून वेगवेगळ्या शब्दांत, स्वतःच्या अनुभवासह याचिका गेल्या, तर त्यांचे वजन एकाच छापाच्या हजार पत्रांपेक्षा जास्त होईल, असा माझा विश्वास आहे.

याचिकांचे पुढे काय होते, असे विचारणाऱ्यांना मी ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ या मागणीची आठवण देतो. भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये निवृत्त सैनिकांच्या याचिकेवर अनुकूल अहवाल दिला. निर्णय व्हायला नोव्हेंबर २०१५ उजाडले आणि त्यासाठी आंदोलनही करावे लागले, पण त्या अहवालाचा आधार सैनिकांनी शेवटपर्यंत सोडला नाही. वेळ लागतो. शेतकऱ्याला वेळ लागण्याची सवय आहे.

आमच्या याचिकेच्या मसुद्याचे वाचन ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाले, तेव्हा एक ऐंशीच्या घरातली आजी पुढे येऊन बसल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, “बापू, हे काहाचं होय?” मी जमेल तसे समजावून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “जो म्हणते याले गावातून काढा, त्याले धरा. पण जो मले माह्या चुका सांगते, त्याले कायले धरता?” व्याख्येचे जे कलम लिहिताना आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या होत्या, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. नियमांप्रमाणे ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा चालतो. त्यांचा अंगठा मसुद्यावर पहिला आहे.

याचिका मराठीत लिहिली असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि त्यावरही सही करावी लागते. महाविद्यालयात शिकणारी गावातली एक मुलगी ते हिंदीत करते आहे. ‘वाळीत टाकणे’ या शब्दाशी ती अडली आहे. हिंदीत बहिष्कार म्हटले की सभात्यागही त्यात येतो, आणि तिला तो अर्थ नको आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. प्रत्येक सही करणाऱ्याचे पूर्ण नाव आणि पत्ता याचिकेत लिहावा लागतो. निंबाखालच्या त्या विक्रेत्याला आम्ही मसुदा नेऊन दाखवला. तो त्याने शांतपणे वाचून घेतला, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दाखवली, आणि सही मात्र करणार नाही म्हणाला. त्याला अजून आठ बाजार करायचे असतात, आणि प्रत्येक गावात आपले नाव-पत्ता कागदावर फिरलेला त्याला नको आहे. आम्ही त्याला आग्रह केला नाही. त्याच्या सहीवाचून याचिकेत त्या बाजाराची हकीकत लिहिता येते, कारण त्या दिवशी त्याच्या समोरून पुढे गेलेले आम्हीच होतो आणि आमची नावे व पत्ते लिहायला आमची हरकत नाही. मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदातले वाक्य त्याप्रमाणे बदलले आहे: ‘एका विक्रेत्यावर बहिष्कार टाकण्यात आला’ असे आधी होते, आता ‘आम्ही खाली सही करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या दिवशी त्याच्याकडून खरेदी केली नाही’ असे आहे. या बदलानंतर सात जणांनी सही मागे घेतली आणि चौतीस राहिले.